भाकरी धरली, तरी साखर का हलेना?

वाचकांचे प्रश्न, आहारतज्ज्ञांची उत्तरं

या वेळी आलेली बहुतेक पत्रं एकाच टप्प्यावरच्या वाचकांची आहेत. एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) 5.7 ते 6.4 टक्क्यांच्या मध्ये, किंवा उपाशीपोटीची साखर 100 ते 125. डॉक्टरांनी ‘अजून मधुमेह नाही, पण आहार सांभाळा’ एवढं सांगून तीन महिन्यांनी बोलावलेलं. सांभाळायचं म्हणजे ताटात नेमकं काय आणि किती, हे विचारायला ही पत्रं आली आहेत. उत्तरांतली वजनं कच्च्या, कोरड्या जिन्नसांची आहेत. जिथे शिजलेलं अन्न मोजलंय तिथे तसं लिहिलंय. गरोदर स्त्रिया, मूत्रपिंडाचा आजार असलेले आणि इन्सुलिन घेणारे यांनी हे माप परस्पर लागू करू नये.

प्रश्न : वय 46. एचबीएवनसी 6.1 आल्यावर चपाती पूर्ण बंद केली. तीन महिने दोन्ही वेळा ज्वारीची भाकरीच खाते, संध्याकाळी नाचणी सत्त्व घेते. गोड जवळपास नाहीच. तरी आता 6.2! कुठे चुकतंय? (वाचक, सातारा)

आधी एक दिलासा. 6.1 आणि 6.2 यांत खरा फरक धरू नका, तपासणीत एवढं इकडेतिकडे होतंच. साखर वाढलेली नाही, पण हललेलीही नाही, आणि त्याचं कारण तुमच्या पत्रातच आहे : धान्य बदललं, पण माप तेच राहिलं, कदाचित वाढलं.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे 2017 चे अन्नघटकांचे तक्ते पाहा. 100 ग्रॅम पिठात कर्बोदकं गव्हात साधारण 64 ग्रॅम, ज्वारीत 68, बाजरीत 62, नाचणीत 67. चोथा चारही पिठांत 10 ते 11.5 ग्रॅमच्या आसपास. म्हणजे न चाळलेली कणीक आणि ज्वारीचं पीठ यांत साखरेच्या हिशेबाने फार अंतर नाही. बाजरीत लोह जास्त, नाचणीत कॅल्शियम भरपूर, ते फायदे खरेच आहेत. पण ‘ज्वारी खाल्ली की साखर वाढत नाही’ हे खरं नाही.

आता आकार. घरच्या मध्यम चपातीला 35 ग्रॅम कणीक लागते, म्हणजे 22 ग्रॅम कर्बोदकं. हातावर थापलेल्या जाड भाकरीला 80 ग्रॅम पीठ सहज जातं, म्हणजे 54 ग्रॅम. तीन चपात्यांच्या जागी दोन भाकऱ्या आल्या की ताटात ‘एक कमी’ दिसतं, पोटात मात्र 67 ग्रॅमच्या जागी 108 ग्रॅम जातात. तुम्ही पिठाचं वजन लिहिलेलं नाही. एकदा थापण्याआधी गोळ्यापुरतं कोरडं पीठ काट्यावर ठेवून बघा. बहुतेक घरांत हा आकडा अंदाजापेक्षा जास्तच निघतो.

नाचणी सत्त्वाचं वेगळं सांगायला हवं. सत्त्व करताना नाचणी भिजवून, मोड आणून, वाटून फडक्यातून गाळतात. कोंडा फडक्यात राहतो आणि खाली बसतो तो मुख्यतः स्टार्च. तो पातळ शिजवून प्यायला की पोटात थांबत नाही, झटकन शोषला जातो. लहान बाळाला आणि आजारातून उठलेल्याला सत्त्व देतात ते याच गुणासाठी. तुमच्यासाठी तो गुण उलटा पडतो. सत्त्व बंद करा. नाचणी आवडत असेल तर अख्ख्या पिठाची पातळ भाकरी किंवा घावन करा, आणि ते जेवणातल्या भाकरीच्या जागी खा, जोडीला नको.

दुपारी 60 ग्रॅम पिठाची एकच भाकरी घ्या. कमी झालेली जागा मात्र भरायलाच हवी, नाहीतर पाच वाजता फरसाणाचा डबा उघडतो आणि सगळं मुसळ केरात. माणशी 30 ते 35 ग्रॅम कोरड्या मटकीची किंवा चवळीची घट्ट उसळ, दीड वाटी पालेभाजी किंवा फळभाजी (बटाटा भाजीत धरू नका, तो भाकरीच्या बाजूचा), काकडी-गाजराची कोशिंबीर आणि ताक. रात्री अशीच एक भाकरी आणि 30 ग्रॅम बेसनाचं पिठलं, किंवा दाट वरण. पातळ वरणाच्या डावात जेमतेम 10-12 ग्रॅम डाळ येते, त्यातून दोन-अडीच ग्रॅम प्रथिनं. ते पाणी पिण्यात समाधान असेल, पण भूक भागत नाही. डाळही माणशी 30 ग्रॅम मोजून लावा.

जेवणाची सुरुवात कोशिंबीर आणि उसळीने करा, भाकरीला मागून हात लावा. भाजी आणि प्रथिनं आधी खाल्ली की जेवणानंतरची साखर कमी चढते हे तपासून पाहिलेलं आहे. फुकटातला उपाय आहे, जरूर करा.

प्रश्न : आमच्याकडे भाताशिवाय जेवण होत नाही. वय 52, उपाशीपोटी 112. कुकरऐवजी पेज काढून वेळलेला भात खाल्ला तर चालेल का? आणि शिळा गार भात? (वाचक, गुहागर)

पेज काढल्याने पाण्यात उतरलेला थोडा स्टार्च जातो, शितांतला जिथल्या तिथे राहतो. त्यामुळे वेळलेला भात आहे म्हणून दोन डाव जास्त घेतले तर नुकसानच. काढलेली पेज मीठ घालून प्यायली, तर गेलेलंही परत आलं.

शिजलेल्या 100 ग्रॅम भातात सुमारे 28 ग्रॅम कर्बोदकं असतात, आणि आमटीची एक वाटी दाबून भरली तर त्यात साधारण तेवढा भात बसतो. तुमचं माप जेवणाला एक ते दीड वाटी. भात सोडायला आम्ही सांगणार नाही. कोकणातल्या माणसाला भात तोडायला सांगितला की तो पंधरा दिवस तोडतो आणि सोळाव्या दिवशी पूर्वीपेक्षा मोठी रास वाढून घेतो. भात वाटीने ताटात घ्या, पातेलं ओट्यावरच ठेवा, दुसऱ्यांदा भात नाही. भात आणि भाकरी एकाच जेवणात नको. दोन्ही हवीच असतील तर दोन्ही अर्धी.

उकडा किंवा हातसडीचा तांदूळ मिळत असेल तर पांढऱ्या पॉलिश तांदळापेक्षा बरा, पण माप तेच.

तुमच्या भागातल्या जेवणात चांगलं पुष्कळ आहे. 100 ग्रॅम बांगड्यात 19-20 ग्रॅम प्रथिनं मिळतात, आणि कर्बोदकं नाहीतच. बांगडा, तारली कालवणात किंवा तव्यावर थोड्या तेलात करा, रव्याचा जाड थर देऊ नका. कुळथाचं पिठलं रात्रीच्या जेवणाला उत्तम. सोलकढीत साखर घातली नसेल तर बिनधास्त घ्या, पण कोकम सरबत वेगळं : अमृत कोकम टिकतं तेच साखरेच्या बळावर, त्यामुळे ते पाण्यात कितीही पातळ केलं तरी गोड पेयच.

शिळ्या गार भाताबद्दलही तुम्ही विचारलंय. भात गार झाल्यावर त्यातला थोडा स्टार्च न पचणाऱ्या रूपात जातो, म्हणून साखर किंचित कमी चढते. फरक छोटा आहे, त्यासाठी मुद्दाम भात शिळा करू नका. फोडणीचा भात करणारच असाल तर रात्रीचा भात तासा-दोन तासांत फ्रीजमध्ये गेला पाहिजे. रात्रभर ओट्यावर राहिलेल्या भातात वाढणारे जिवाणू उलट्या-जुलाब करतात आणि त्यांचं विष परतून जात नाही.

प्रश्न : नाश्त्याला काय खावं? सध्या पोहे, उपमा, इडली आलटून पालटून. मग ऑफिसात चार चहा, सोबत बिस्किटं. मारी बिस्किट चालतं ना? (वाचक, पुणे)

तुमच्या नाश्त्यातले तिन्ही पदार्थ मुख्यतः धान्याचेच. एका भरल्या प्लेटला 60 ग्रॅम पोहे लागतात, म्हणजे सुमारे 46 ग्रॅम कर्बोदकं, प्रथिनं जेमतेम चार-पाच ग्रॅम. पोहे सोडायची गरज नाही. माणशी 30 ग्रॅम पोहे घ्या आणि त्यात वाटीभर मोडाचे मूग वाफवून घाला, शिवाय कांदा, मटार, मूठभर कोबी आणि 10 ग्रॅम शेंगदाणे. मूग आधी वाफवा. कच्चे टाकले तर पोहे मऊ होऊन गोळा होतो आणि मूग कडकच राहतात. वरून चिमूटभर साखर घालायची सवय असेल तर तीही सोडा.

आठवड्यातले तीन दिवस मुख्यतः धान्याचा नाश्ता करू नका. 40 ग्रॅम हिरवे मूग रात्री भिजवून सकाळी आलं-मिरचीसोबत वाटले की एका माणसाची दोन-तीन धिरडी होतात, त्यांतून 9-10 ग्रॅम प्रथिनं मिळतात. दोन अंड्यांचं ऑम्लेट आणि एक पातळ फुलका. भाजणीचं थालीपीठही चांगलं, मात्र भाजणीत डाळी किती आहेत ते बघा. घरी करत असाल तर हरभरा डाळ, उडीद, मूग मिळून निम्म्याच्या जवळ न्या. विकतच्या भाजणीत तांदूळ जास्त असू शकतो, तेव्हा पाकिटावरचा घटकांचा क्रम वाचा. सगळ्यांत जास्त असलेला जिन्नस यादीत पहिला लिहिणं बंधनकारक आहे.

मारी बिस्किट म्हणजे मैदा आणि साखर, फक्त गोड कमी लागतं एवढंच. चार बिस्किटांत 16 ते 18 ग्रॅम कर्बोदकं. चार कप चहात दोन-दोन चमचे साखर म्हटलं तर आणखी 40 ग्रॅम साखर. तुमच्या दिवसात सगळ्यांत आधी कापायची जागा ही आहे, आणि तिला हात लावायला एकही पदार्थ नवा शिकावा लागत नाही. चहा दोन कपांवर आणा, साखर दर आठवड्याला अर्धा चमचा कमी करत जा. एकदम बंद केली तर फिका चहा नकोसा होतो आणि माणूस परत जुन्या मापावर जातो. बिस्किटाच्या जागी 20-25 ग्रॅम फुटाणे.

प्रश्न : वय 58. सोमवार, दोन्ही एकादश्या, संकष्टी आणि नवरात्र, एवढे उपवास धरते. उपवासाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मोजली तर साखर वाढलेली दिसते. उपवासाने कमी व्हायला हवी ना? (वाचक, नाशिक)

‘एकादशी, दुप्पट खाशी’ ही म्हण उगीच आलेली नाही. साबुदाण्यात 100 ग्रॅमला 87-88 ग्रॅम कर्बोदकं, प्रथिनं आणि चोथा जवळपास शून्य. एका बशी खिचडीला 75 ग्रॅम साबुदाणा लागतो, म्हणजे 65 ग्रॅम कर्बोदकं. त्यात बटाटा. संध्याकाळी बटाट्याचा कीस, रताळं, मधे राजगिऱ्याची चिक्की आणि केळं. रोजच्या जेवणातली डाळ, उसळ, भाजी गळून जाते आणि उरतो निव्वळ स्टार्च. तुमचं ग्लुकोमीटर बरोबर सांगतंय.

उपवास सोडायला सांगत नाही, फराळ बदलू या.

सगळ्यांत उपयोगी राजगिरा. 100 ग्रॅमला 13-14 ग्रॅम प्रथिनं, गव्हापेक्षाही जास्त. 40 ग्रॅम राजगिऱ्याच्या पिठात वाटीभर किसलेली काकडी किंवा दुधी, जिरं, मिरची, मीठ घालून थालीपीठ लावा. या पिठाला चिवटपणा नसतो, म्हणून ते तव्यावर टाकताना मोडतं. ओल्या फडक्यावर किंवा थेट गार तव्यावर थापा आणि मग गॅस लावा. पाणी आधी घालू नका, काकडीला मीठ लागलं की तीच पुरेसं सोडते. सोबत वाटीभर घट्ट दही. मात्र राजगिऱ्याचा लाडू यात मोडत नाही, तिथे गूळ आहे.

दुपारी 40 ग्रॅम भगर आणि 20 ग्रॅम दाण्यांची आमटी, आमटीत गूळ न घालता आमसूल आणि मिरची. भोपळा किंवा भेंडी तुमच्या घरी उपवासाला चालत असेल तर भाजी करा, नसेल तर काकडीची दाण्याचं कूट घातलेली कोशिंबीर. जाता जाता : भगर आणि तिचं पीठ सुटं, जुनं घेऊ नका. ओल लागून बुरशी आलेल्या भगरीने विषबाधा झाल्याच्या बातम्या महाशिवरात्र-नवरात्रात येतात. पाकीटबंद भगर घ्या, निवडा, धुवा, दळायची तर लागेल तेवढीच.

साबुदाणा खावासाच वाटला तर 30 ग्रॅम, त्यात तेवढंच दाण्याचं कूट आणि भरपूर काकडी. आणि तोही महिन्यातल्या एका उपवासाला, दर सोमवारी नाही.

तुम्ही साखरेची गोळी घेत असाल तर दिवसभर काही न खाता राहण्याआधी डॉक्टरांना विचारा. नुसत्या मेटफॉर्मिनने साखर सहसा खाली घसरत नाही, ग्लिमेपिराइडसारख्या गोळीने घसरू शकते.

प्रश्न : साखरेऐवजी सेंद्रिय गूळ, मध किंवा खजूर? (वाचक, कोल्हापूर)

नाही. 100 ग्रॅम गुळात सुमारे 85 ग्रॅम कर्बोदकं असतात आणि ती मुख्यतः साखरच. सेंद्रिय असला तरी यात बदल होत नाही. मधाचंही तेच. खजुरात चोथा आहे, म्हणून एखादा चालेल, पण ‘शुगर-फ्री’ म्हणून विकले जाणारे खजुराचे लाडू चालणार नाहीत.

प्रश्न : आंब्याचे दोन महिने कसे काढायचे? (वाचक, डोंबिवली)

आंबा खा, आमरस नको. मध्यम हापूसमधून 130-140 ग्रॅम गर निघतो, म्हणजे जेमतेम 20 ग्रॅम कर्बोदकं, एका छोट्या चपातीएवढी. एवढा दिवसातून एकदा चालतो, एका अटीवर : त्या जेवणातून एक चपाती किंवा तेवढा भात कमी. आमरसाची मोठी वाटी तीन आंब्यांची असते, दुसरी वाटी कुणी मोजत नाही आणि पुऱ्या वेगळ्याच. कापून फोडी खाल्ल्या की एकावर थांबता येतं. जेवणानंतर रात्री दहा वाजता कापू नका. दुपारच्या जेवणाबरोबर खा आणि त्यानंतर पंधरा मिनिटं चाला. बाकी वर्षभर पेरू, पपई, जांभूळ, संत्रं ही फळं सोयीची. रस कोणत्याच फळाचा नको.

प्रश्न : वजन 52 किलो, उंची 5 फूट 4 इंच, तरी 6.0! कमी खायचं तर वाळूनच जाईन. मेथी-कारल्याचा रस सुरू केलाय. डॉक्टरांकडे गोळी मागून घेऊ का? (वाचक, नागपूर)

कमी खाऊ नका. तुमच्या उंचीला वजन योग्य आहे, ते घटवायचं नाही. बारीक अंगाच्या भारतीयांतही प्रीडायबेटीस, म्हणजे मधुमेहाच्या आधीचा हा टप्पा, भरपूर आढळतो. अंगावर स्नायू कमी असले की जेवणातली साखर साठवायला जागाच कमी पडते. कंबर एकदा मोजा. पुरुषांत 90 आणि स्त्रियांत 80 सेंटिमीटरपुढे गेली तर वजन कमी असूनही पोटावर चरबी आहे असं धरा.

दोन कामं करायची. एक, दिवसाला किलोमागे 1 ग्रॅम, म्हणजे तुम्हाला 52 ग्रॅम प्रथिनं. हिशेब असा बसतो : दोन अंडी 13, उसळीची वाटी (30 ग्रॅम कडधान्य) 7, दाट वरण (30 ग्रॅम डाळ) 7, दही 150 ग्रॅम 5, पेलाभर दूध 6, शेंगदाणे 20 ग्रॅम 5, आणि दिवसभरातल्या 100 ग्रॅम पिठातून 10. बेरीज 53. अंडी खात नसाल तर 25 ग्रॅम सोयाबीन वड्या त्याच जागी बसतात. वड्या गरम पाण्यात भिजवून दोनदा पिळा, नाहीतर वास राहतो आणि घरचे पुन्हा करू देत नाहीत. दुसरं काम, आठवड्यातून तीन दिवस स्नायूंना जोर लागेल असा व्यायाम : बैठका, भिंतीवरचे जोर, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणं. नुसतं चालणं तुम्हाला पुरणार नाही.

मेथी किंवा कारलं भाजी म्हणून खा, छान आहे. रसाने साखर आटोक्यात राहील याला भक्कम आधार नाही, आणि रिकाम्या पोटी कारल्याचा रस अनेकांचं पोट बिघडवतो.

गोळीबद्दल. 2006 साली चेन्नईतला मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, तो आपल्याच लोकांवरचा. तीन वर्षांच्या आत, नेहमीचा सल्ला दिलेल्या गटात शंभरातल्या 55 जणांना मधुमेह झाला. आहार-व्यायाम करणाऱ्यांत 39 जणांना, मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत 40-41 जणांना, आणि दोन्ही करणाऱ्यांतही 39-40 जणांनाच. म्हणजे आहार-व्यायाम नीट केला तर त्याचं बळ गोळीएवढं आहे. गोळी कुणाला लागेल हे डॉक्टर वय, वजन आणि आकडे बघून ठरवतील, पण ती मागून घेऊ नका.

त्याआधी हिमोग्लोबिन तपासा. लोहाच्या कमतरतेचा अ‍ॅनिमिया असेल तर एचबीएवनसी खऱ्यापेक्षा जास्त दिसू शकतो. तसं असेल तर 75 ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी साखर मोजतात ती तपासणी जास्त भरवशाची. त्यात 140 ते 199 म्हणजे प्रीडायबेटीस.

प्रश्न : आहार बदलल्यावर एचबीएवनसी किती दिवसांनी करावी? उपाशी जावं लागतं का? (वाचक, सोलापूर)

तीन महिन्यांनी. तांबड्या पेशी साधारण 120 दिवस जगतात आणि त्यांच्यावर चढलेली साखर ही तपासणी मोजते, म्हणून महिन्याभरात केली तर जुन्या दिवसांचाच आकडा दिसेल. उपाशी जायची गरज नाही, दिवसात केव्हाही रक्त देता येतं. मधल्या काळात एखादा पदार्थ तुम्हाला झेपतो का हे बघायचं असेल तर घरच्या ग्लुकोमीटरवर जेवणाआधी एकदा आणि पहिल्या घासापासून बरोबर दोन तासांनी एकदा मोजा. जेवण संपल्यापासून नव्हे. बोट साबणाने धुऊन पूर्ण कोरडं करा. फळ चिरलेल्या हाताने मोजलं तर बोटावरची साखरच मशीन दाखवतं. दोन तासांचा आकडा 140 च्या आत आला तर त्या दिवशीचं माप तुम्हाला झेपलं. वर गेला तर तोच पदार्थ निम्म्या मापाने आणि वाटीभर उसळीसोबत खाऊन पुन्हा मोजा, मगच तो पदार्थ ठेवायचा की काढायचा ते ठरवा.